डिंक्याचा मारा शून्य

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. तू पाठवलेल्या खेळातल्या चित्रावर जेलच्या तपासणीचा शिक्का बरोब्बर रेड्याच्या कपाळावर बसलाय, त्यामुळे तो आणखीच चिडलेला दिसतो.

तुमच्या ऑफिसात बनतो तो खेळ आता आमच्या बराकीत फरशीवर खेळला जातो, हे तुझ्या साहेबांना जरूर सांग. मोबाइल नाही तर नाही. मी शिवणखात्यात कामाला आहे, तिथून खडू आणलाय. त्यानं वळणावळणाचा रस्ता काढायचा, शेवटाला आपला दरवाजा. रस्त्यानं चालून येणारे शत्रू म्हणजे गणवेशाची बटणं. कडेला उभे राहून त्यांना टिपणारे मारेकरी म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे. माझ्या शेजारच्या गादीवर एक गवंडी आहे, तो बटणं चालवतो आणि मी मारतो. काल एका डावात सदतीस मारली. मेलेलं बटण तो उलटं करतो आणि त्याचं मरण तोंडानं वाजवून दाखवतो. हाड मोडल्याचा आवाज वेगळा, पोट फाटल्याचा वेगळा. इथल्या माणसांनी बाहेर काय काय करून ठेवलंय ते ऐकलंस तर तुला घास उतरणार नाही, पण बटण मेलं की सगळे टाळ्या पिटतात.

आमचं भांडण लागलंय ते तू मिटव. चार तिरंदाज बरे की दोन तोफा? खरे आकडे पाठव. गवंडी म्हणतो, तुझी बहीण आकड्यांतली आहे तर होऊन जाऊ दे.

वकीलबाई आल्या होत्या. अपील जूनमध्ये उभं राहील. त्या म्हणाल्या, "एकच गोष्ट घट्ट धरून ठेव. तू एकही फटका मारला नाहीस. तू सोडवायला गेला होतास." ते तर खरंच आहे. पेपरवाल्यांनी 'पाच मारेकरी' छापलं. टेम्पोवाल्याला मारणारे चार होते. पाचवा मी, तो सोडवायला गेलेला. सात वर्षांच्या शिक्षेतलं दीड वर्ष झालं, बाकीचं बसावं लागणार नाही असं त्यांना वाटतंय. आईला सांग, माझी गादी उन्हात घालून ठेव.

तुझा,
धाकटा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

घे आकडे. तिरंदाजाचा मारा दर बाणाला बारा, सेकंदाला एक बाण. तोफेचा मारा गोळ्याला साठ, पण दोन सेकंदांनी एक गोळा, म्हणजे सेकंदाला तीस. चार तिरंदाज अठ्ठेचाळीस, दोन तोफा साठ. गवंडी जिंकला असं त्याला वाटेल, पण जरा थांब म्हणावं. उंदराचा जीव पंधरा. त्याच्यावर तोफ डागलीस तर पंधरा उंदराला आणि पंचेचाळीस मातीला. उंदरांची झुंड आली की तोफा एकेकाला उडवत बसतात आणि बाकीचे दरवाजा कुरतडतात. रेड्याचं कातडं जाड, त्याला तोफच हवी. एकाच जातीचे मारेकरी घेऊन कुणी जिंकत नाही, मिसळावे लागतात. तोफा दरवाजाजवळ ठेवू नकोस, वळणावर ठेव.

माझं काम तुला माहीत आहे. दिवसभर मरणं मोजायची. कुणाचा मारा कमी पडला, कुणाचा जास्त झाला, ते बघून तोल साधायचा. शेजारच्या टेबलावरचा चित्रकार आठवडाभर नुसता रक्ताचा रंग बदलतोय, साहेबांना ते सरबतासारखं वाटलं म्हणून. रोज सकाळी आल्याआल्या मला बोलावतो आणि एखादा चिरलेला गळा दाखवून विचारतो, "आता खरं वाटतं का?"

नवीन एक मारेकरी आणलाय, डिंक्या. जाडा गडी, हातात डिंकाची बादली. शत्रूच्या पायांवर डिंक ओततो, त्यानं शत्रूचा वेग निम्मा होतो. मारा शून्य. चाचणीला आलेले खेळाडू त्याला पहिल्या फेरीतच काढून टाकतात. पुठ्ठा शिल्लक असेल तर तुम्ही वापरून बघा.

आई बरी आहे. खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, तिनं त्यांना पहिल्याच दिवशी सगळं ऐकवलं. गोदामाच्या फलाटाला टेम्पो मागे घेताना मुकादमाच्या भावाचा हात चिरडला, चार हमालांचं डोकं फिरलं, त्यांनी टेम्पोवाल्याला बडवला, दोन दिवसांनी तो गेला. "आणि माझा मुलगा सोडवायला गेला होता हो." मी दारात चपला काढत उभी होते. चांगला पाव तास काढत होते.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र बारा दिवस अडकलं होतं. मला थेट जेलरसमोर उभं केलं. तुझं पत्र टेबलावर, 'तोफा दरवाजाजवळ ठेवू नकोस, वळणावर ठेव' याखाली लाल रेघ.

"कुठलं वळण?"

"साहेब, खेळातलं."

"आणि हा जाड कातड्याचा रेडा कोण?"

"साहेब, शत्रू."

"म्हणजे मी?"

"नाही साहेब, बटण."

शेवटी फरशीवर रस्ता काढून त्यांना एक डाव खेळून दाखवला. त्यांनी उंदरांवर तोफा डागल्या आणि हरले. मग म्हणाले, "हे असलं पुन्हा पत्रात नको," आणि जाता जाता विचारलं, "उंदराचा जीव किती म्हणालास?"

आता मी तीन तिरंदाज आणि एक तोफ अशी मिसळ ठेवतो. गवंड्याच्या उंदरांचा नुसता चिखल झाला. रेडा मात्र अजून हातून निसटतो, अर्धमेला होऊन लंगडत जातो आणि दरवाजा फोडतोच.

डिंक्याला मी एक डाव घेतलं आणि बाहेर फेकलं. उगीच जागा अडवतो. खरं सांगू, मला त्याची दया आली. मारामारीत उभा आहे, पण हातून मुंगीही मेलेली नाही. त्याला माझ्या वकीलबाईंकडे पाठव. मारा शून्य म्हटल्यावर पहिल्या तारखेला सुटेल!

बराक हसून लोळली यावर. तूही हस.

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

तुझा रेडा का निसटतो ते सांगते. नीट वाच आणि फरशीवर मांडून बघ.

रेड्याचा जीव सहाशे. वळणावर दोन तोफा आणि दोन तिरंदाज उभे कर. रेडा माऱ्यातून जातो चार सेकंदांत. तेवढ्यात एका तोफेचे दोन गोळे, म्हणजे एकशे वीस. दोन तोफांचे दोनशे चाळीस. तिरंदाजांचे प्रत्येकी अठ्ठेचाळीस. एकूण तीनशे छत्तीस. दोनशे चौसष्ट जीव शिल्लक ठेवून तो बाहेर पडला. रक्तबंबाळ झालाय, पण जिवंत आहे. घरी जाऊन वाचला असता.

आता त्याच वळणावर डिंक्या उभा कर. रेडा चाराऐवजी आठ सेकंद अडकला. तोफा त्याच, बाण तेच. आठवं सेकंद पुरं व्हायच्या आतच तो कोसळतो.

खेळ संपला की पडद्यावर यादी येते, कुणी किती मारलं. तोफा वर, तिरंदाज मध्ये, डिंक्या तळाला, शून्य. ती यादी मला खोटी वाटायला लागली. म्हणून मी एक रकाना वाढवला, 'हा नसता तर'. हा नसता तर किती मारा कमी झाला असता, ते त्याच्या नावावर. तोफांना एकशे अडुसष्ट, एकशे अडुसष्ट. तिरंदाजांना चोवीस, चोवीस. आणि डिंक्याला दोनशे चौसष्ट. तो सगळ्यांच्या वर गेला. चित्रकार म्हणाला, "अरे, खरा खाटीक हाच की."

बाकी काही विशेष नाही. आईनं तुझी गादी उन्हात घातली.

ताई


२८ एप्रिल

धाकट्या,

महिना उलटून गेला. तुझं पत्र नाही. आईला भेट नाकारली, कारण सांगितलं नाही. ती फाटकावरून परत आली, सात तासांचा प्रवास करून. माझं काही चुकलं असेल तर शिव्या दे, पण दोन ओळी लिही. माझ्या जिवाला घोर लागलाय.

ताई


११ मे

ताई,

टपाल आणि भेटी दोन्ही बंद होत्या. शिवणखात्यात मोजणी झाली, एकेचाळीस बटणं कमी भरली. चोर सापडेना म्हणून आख्ख्या बराकीच्या भेटी महिनाभर बंद. ती बटणं कुणाच्या खेळात मरत होती ते सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात तिघांनी मला गाठलं. त्यांतल्या एकाची मुलगी तीन वर्षांनी भेटायला येणार होती, ती माझ्यापायी राहिली. मारलंच पाहिजे होतं त्यानं. दोन बरगड्या गेल्या. एक दात खालच्या ओठातून आरपार बाहेर आला. डावा कान अजून वाजतोय. लघवीत आठ दिवस रक्त जात होतं. आता बरा आहे, दवाखान्यातून परत आलोय, आईला यातलं काही सांगू नकोस.

कोण कुठे मारत होता ते मला सांगता येणार नाही. बुक्क्या सगळ्या सारख्याच लागतात. पण माझे दंड मागून कुणी धरले होते ते सांगता येईल. गवंड्यानं. सिमेंटनं त्याची बोटं फुटलेली आहेत, त्या भेगा मला शर्टावरून टोचत होत्या. पहिल्या दणक्याला मी सुटलो असतो, दार उघडंच होतं. त्याच्या हातांमुळे प्रत्येक बुक्की पुरी बसली. पोट आत घेता येत नव्हतं, मान फिरवता येत नव्हती. त्यानं मला टिचकीही मारली नाही.

आणि नंतर ओलं फडकं घेऊन माझं तोंड पुसायला तोच आला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही. म्हणाला, "मी तर तुला सोडवायला आलो होतो रे."

ताई, मी तिथेच ओकलो.

मार खाताना मी त्याला काहीतरी म्हणालो होतो. तीनच शब्द. ते माझ्या तोंडून निघाले तेव्हा कळलं, ते शब्द मी आधी ऐकले होते. आत्ता लिहीत नाही.

मी टेम्पोवाल्याला सोडवायला गेलो नव्हतो. तो पळत होता म्हणून धरला. सगळे ओरडत होते "धरा, धरा," आणि मी सगळ्यांत जवळ होतो. दीड वर्ष मी स्वतःलाच दुसरं सांगत आलो, इतकं की ते मला आठवायलाही लागलं होतं.

ते रेड्याचं पत्र तू मुद्दाम लिहिलंस ना?

धाकटा


१९ मे

धाकट्या,

हो. मुद्दाम लिहिलं.

हे पत्र तपासणारे साहेब वाचतील तर वाचू देत, मला आता कोड्यात बोलता येत नाही. आठ महिन्यांपूर्वी वकीलबाईंनी गोदामाच्या कॅमेऱ्याचं चित्रण माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तुमचं कामच हे आहे, बघा माझ्या उपयोगाचं काही सापडतं का." मी ऑफिसात, माझ्या टेबलावर, एकेक चित्र थांबवत पाहिलं. पहिली बुक्की बसल्यावर टेम्पोवाला सुटला होता. दार सहा पावलांवर होतं. तू त्याला मागून कवळलंस. एकोणीस सेकंद. तेवढ्यात चौघांचे मिळून एकतीस फटके, त्यांतले चार लोखंडी पान्याचे. चौथ्या पान्याला त्याचे पाय गेले, आणि तरी तू त्याला उभा धरला होतास. मी मोजत राहिले, कारण मोजण्याशिवाय मला काही येत नाही. शेजारून चित्रकारानं डोकावून विचारलं, "हे कुठल्या भागातलं? रक्त फार काळं झालंय."

तेव्हापासून आई "सोडवायला गेला होता" म्हणाली की मला मोरीत जाऊन उभं राहावं लागतं. तुला थेट लिहायचं धाडस झालं नाही. वाटलं, निदान तुझं तुला कळावं. म्हणून तो रकाना केला. खोटं कशाला बोलू, तो खेळासाठी नव्हताच.

पण धाकट्या, तुला कळावं एवढंच मला हवं होतं. कोर्टाला कळावं असं नाही! आता माझं ऐक. कोर्टाकडेही हेच चित्रण आहे. ते मागच्या बाजूनं टिपलंय, त्यात धरणं आणि बाजूला ओढणं सारखंच दिसतं. त्याचा अर्थ तू सांगशील तो. जूनमध्ये गप्प उभा राहा, वकीलबाईंना बोलू दे. तो माणूस परत येणार नाही. आई बासष्टची आहे. साडेपाच वर्षांनी ती दार उघडायला असेल की नाही, मला माहीत नाही. मी तुझ्या पाया पडते, मोठी असून पडते. घरी ये, मग काय ते आपण दोघं मिळून भोगू.

ताई


२६ जून

ताई,

आईला ताप आला म्हणून तुम्ही कोर्टात नव्हतात, ते बरं झालं.

वकीलबाई छान बोलल्या. एकही फटका नाही, हातात पाना नाही, अंगावर रक्त होतं ते सोडवताना लागलेलं. ऐकता ऐकता मलाच माझा पुळका आला. टेम्पोवाल्याची बायको मागच्या बाकावर होती, मांडीवर त्याची टोपी. ती खाली बघत होती, अशी गोष्ट तिनं आधी पुष्कळदा ऐकली असावी. न्यायाधीश उठायच्या बेतात होते. सवयीनं विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "मारणारे पाच होते. मी धरला नसता तर तो दारातून गेला असता."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. टेम्पोवाल्याच्या बायकोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसती बघत राहिली, मला बाहेर नेईपर्यंत.

अपील फेटाळलं.

तुझं ऐकलं नाही, ताई. तू मोठी असून पाया पडलीस आणि मी ऐकलं नाही. पण तुला खरं सांगतो, त्या न्हाणीघरानंतर "सोडवायला" हा शब्द माझ्या तोंडून निघेना. रागावलीस तरी पत्र लिही.

धाकटा


५ जुलै

धाकट्या,

तुझा इतका राग आलाय की चार कागद फाडून हा पाचवा घेतलाय. आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालंय, त्याचाही राग येतोय.

माझा रकाना साहेबांनी काढायला लावला. डिंक्या पहिला आला की खेळाडूंना फसवल्यासारखं वाटतं म्हणे. मी खूप भांडले, माझा आवाज इतका चढला की चित्रकारानं मला पाणी आणून दिलं. यादीत तो आता पुन्हा तळाला आहे.

आईला वकीलबाईंनी फोनवर सांगितलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, जेवलीही जेमतेम. चौथ्या दिवशी तुझी गादी गॅलरीतून आत घेतली, घडी करून वरच्या फळीवर ठेवली. मग खालची बाई आली, तिनं सवयीनं विचारलं, "मुलगा कधी येतोय?" मी आतून धावत आले, पण आई आधीच बोलली होती. "इतक्यात नाही. माझ्या मुलानं त्या माणसाला धरलं होतं." बाई पाणीसुद्धा न पिता गेली.

त्यानंतर आई मला म्हणाली, "त्याला विचार, धरलं होतं तेव्हा तो माणूस काही बोलला का? काहीतरी बोलला असेल. मला ते हवंय." मी विषय बदलून पाहिला. ती रोज विचारते आहे. ते तीन शब्द तू मलाही सांगितले नाहीस. आता तिलाच लिही.

ताई


१४ जुलै

आई,

ताईनं तुझा प्रश्न कळवला. हे पत्र तिला मोठ्यानं वाचायला सांगू नकोस, तुझं तूच वाच. अक्षर मोठं काढलंय.

त्याचं डोकं माझ्या खांद्याला लागलं होतं, मी पाठीमागे होतो ना. घामाचा आणि डिझेलचा वास येत होता. समोरच्या चौघांना तो काहीच म्हणाला नाही, त्यांच्याकडे मागण्यासारखं काही नव्हतंच. पाना दुसऱ्यांदा बसला तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्यानं पाहिलं. मी मारत नाहीये हे त्याला बरोबर कळलं होतं. म्हणून तर तो माझ्याशी बोलला, अगदी हळू, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा.

म्हणाला, "तू तरी सोड."

त्यानंतर मी किती वेळ धरून होतो ते ताईला विचार. तिनं मोजलंय.

तुझा,
धाकटा